मदत हवी आहे: माँटेग्यूने राजीनामा नक्की कशावरून दिला?

अबोली:
संध्याकाळपर्यंत हवंय. माँटेग्यूने राजीनामा दिला तो डायरवरून की खिलाफतीवरून? माझ्याकडच्या दोन पुस्तकांत दोन कारणं, साल मात्र दोन्हीकडे १९२२. जालियनवाला तर १९१९ चं. कृपया नक्की माहीत असेल त्यांनीच लिहा.

रानवाटा:
कुठला माँटेग्यू? आणि कशासाठी हवंय? एमपीएससीचा प्रश्न असेल तर पर्याय टाका.

वहीपेन:
माँटेग्यूच्या सुधारणा म्हणजे १९१९ चा कायदा, प्रांतांत द्विदल राज्यपद्धती. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती भारतीय मंत्र्यांकडे. पोलीस, जमीन महसूल, अर्थ ही राखीव, म्हणजे गव्हर्नरच्या हातात. एवढं पाठ करा, दरवर्षी विचारतात.

अबोली:
अहो, हे मी विचारलंच नाही. एडविन माँटेग्यू, ब्रिटिश मंत्रिमंडळातला भारतमंत्री. राजीनामा का दिला एवढंच सांगा.

जुनी_दप्तरं:
खिलाफत. पहिल्या महायुद्धानंतर तुर्कस्तानावर सेव्हरचा तह लादला गेला; तिथला सुलतान म्हणजे मुसलमानांचा खलिफा, धर्मप्रमुख, म्हणून इथले मुसलमान खवळले. व्हाइसरॉय रीडिंगने लंडनला तार केली: कॉन्स्टँटिनोपलमधून सैन्य काढा, पवित्र स्थळांवर सुलतानाचं अधिराज्य राहू द्या, थ्रेस आणि स्मर्ना हे प्रदेश तुर्कस्तानाला परत करा. ही तार छापायला माँटेग्यूने परस्पर परवानगी दिली, मंत्रिमंडळाला न विचारता. पंतप्रधान लॉइड जॉर्जने लगेच राजीनामा घेतला. ९ मार्च १९२२. दुसऱ्याच दिवशी गांधीजींना अटक झाली.

रानवाटा:
तार हे निमित्त हो. ८ जुलै १९२० ला डायरच्या प्रश्नावर तो कॉमन्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, बोलायला उभा राहिला आणि सरळ विचारलं, दहशत आणि वांशिक अपमान यांच्या जोरावर हिंदुस्थान ताब्यात ठेवणार आहात का? समोरचे हुज्जतीवर आले. मतदानात सरकार जिंकलं, पण वरिष्ठ सभागृहातल्या लॉर्ड्सनी डायरचीच बाजू घेतली. हुजूर पक्षवाले ते विसरले नाहीत. मी त्या दिवसाचं कामकाज मुळातून वाचलंय, तुम्हीही वाचा.

जुनी_दप्तरं:
राग होताच, मान्य. पण ताईंनी कारण विचारलंय, पार्श्वभूमी नाही.

गुलबक्षी:
तो स्वतः ज्यू होता आणि १९१७ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर देऊ म्हणणाऱ्या बाल्फोर जाहीरनाम्याला त्याने कडाडून विरोध केला होता, हे किती जणांना माहीत आहे? त्यावर वेगळा धागा काढायला हवा.

वहीपेन:
टिळकांनी माँटेग्यूच्या सुधारणांना सूर्य नसलेली पहाट म्हटलं होतं, तेही घाला.

रानवाटा:
घालायचं कुठे? ताई, कशासाठी आहे ते तरी सांगा.

अबोली:
अरे हो, ते राहिलंच. शाळेच्या प्रदर्शनातला फलक आहे. फोटोखाली तीन ओळी मावतात आणि फ्लेक्सवाला सातला दुकान बंद करतो. सातवीच्या मुलांना कळलं पाहिजे.

जुनी_दप्तरं:
मग असं लिहा: "२० ऑगस्ट १९१७ रोजी भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. डायरच्या कृत्याचा संसदेत निषेध केला. तुर्कस्तानाविषयीची व्हाइसरॉयची तार मंत्रिमंडळाला न विचारता छापू दिल्याने १९२२ मध्ये पद सोडावं लागलं." त्याच वर्षी निवडणूकही हरला, १९२४ मध्ये वारला. पंचेचाळिशीचाच होता.

रानवाटा:
"डायरच्या कृत्याचा" नको, "जालियनवाला बागेतल्या गोळीबाराचा" लिहा. डायर कोण ते सातवीतल्या पोराला कुठून कळणार?

अबोली:
हे पटलं, बदललं. फाइल पाठवलीये. नाव माँटेग्यू की माँटेगू? फ्लेक्सवाला फोनवर थांबलाय.

वहीपेन:
माँटेग्यू.