फुटलेल्या देशात लोकांना विचारून काही होतं का?

जेलरोडवाला (इंदूर): साऊथ आफ्रिकेत 2005 ला घटनादुरुस्ती करून मातातिएले हा भाग क्वाझुलू-नाताल प्रांतातून काढून ईस्टर्न केपला जोडला, तिथली नगरपालिका कोर्टात गेली आणि 2006 ला घटना न्यायालयाने दुरुस्तीतला तेवढा भाग अवैध ठरवला, कारण काय तर क्वाझुलू-नातालच्या विधानसभेने जनसुनावणीच घेतली नव्हती. मला हे फार आवडलं. जिथे भाषा, वंश यांवरून एकमेकांवर काडीचा भरवसा नाही तिथे न विचारता केलेला कायदा हा 'त्यांचा' कायदाच राहणार.

राजवाड्यामागे: दादा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. नंतर सुनावण्या घेतल्या, 2007 ला तोच बदल परत पास केला, मातातिएले आजही ईस्टर्न केपमध्येच. आपल्याकडे रस्ता रुंदीकरणाचे दावे-आपत्ती, म्हणजे हरकती, मागवतात ना, तसंच. बाबू अर्जावर गोल शिक्का मारून पावती देतो, घरी येऊन बघावं तर ओट्यावर लाल निशाण आधीच लागलेलं.

बडोद्याची सून: काय विचारता त्यावर आहे हो सगळं. बॉस्नियाची राज्यघटना म्हणजे तिथलं युद्ध थांबवणाऱ्या 1995 च्या डेटन कराराचं परिशिष्ट, लोकांचं मत घेतलंच नाही. अध्यक्ष तीन, एक बोस्नियाक (तिथले मुसलमान), एक सर्ब, एक क्रोएट. ज्यू किंवा रोमा माणसाला उभंच राहता येत नाही, युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने 2009 ला चूक म्हटलं तरी. पण तिथेच 2014 ला तुझ्लामध्ये बुडालेल्या कारखान्यांचे कामगार रस्त्यावर आले, कँटनचं, म्हणजे तिथल्या प्रांताचं, सरकार गेलं, मग लोकांनी सभा भरवल्या आणि मागितलं काय, तर मंत्र्यांना पद सुटल्यावरही मिळणारा पगार बंद करा. झाला बंद! जातपात कोणी काढली नाही.

राजवाड्यामागे: वहिनी, त्या सभा बहुतेक बोस्नियाक-बहुल शहरांत झाल्या, सर्बांच्या भागात जवळजवळ नाहीच. आणि आपल्या घरचं बघा की, राज्य पुनर्रचना आयोगाकडे दीड लाखावर निवेदनं गेली, तरी 1955 ला शिफारस काय, मुंबई द्विभाषिक ठेवा आणि विदर्भ वेगळा. महाराष्ट्र 1960 ला मिळाला तो रस्त्यावर उतरून, निवेदनांनी नै.

जेलरोडवाला: पण आयोगाने कारणं छापली होती ना भाऊ! म्हणून तर मुद्दा धरून भांडता आलं. मी एवढंच म्हणतोय, हरकत फेटाळा पण का फेटाळली ते लेखी द्या, नुसती पावती नको. आणि प्लीज आता बेळगाव काढू नका कोणी, रात्रभर जागायची माझी तयारी नाही.