नेट बंद करा, पोस्टी उडवा, पण आदेश तरी दाखवा की!

तिरकस_वाचक
दोन दिवसांपासून ती एक पोस्ट फिरतेय, तुमच्यापर्यंतही आली असेल. "ज्याच्या मनात पाप नाही त्याला सेन्सॉरशिपची भीती कशाला, दोन दिवस व्हॉट्सॲप बंद राहिलं तर कोणी मरत नाही, देश आधी." मला ती तीन नातेवाइकांनी पाठवली, तिघांनीही खाली हात जोडलेले. गप्प बसणार होतो पण त्या "दोन दिवस"ने डोकं फिरलं.

काश्मीरमध्ये ४ ऑगस्ट २०१९ च्या रात्री नेट गेलं. जानेवारी २०२० मध्ये टूजी आलं तेही ठरावीक साइट्सपुरतं, आणि फोरजी सगळीकडे यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. मणिपूरमध्ये मे २०२३ पासून कितीतरी महिने हाच खेळ. हे दोन दिवस कोणत्या कॅलेंडरमधले? सुप्रीम कोर्टाने काश्मीरच्या नेटबंदीवरच्या अनुराधा भसीन प्रकरणात जानेवारी २०२० मध्येच सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश जाहीर करा. कोणी बघितलाय का आपल्या भागातला आदेश? मेसेज येतो, रेंज जाते, संपलं.

पोस्टी उडवण्याचं तर याहून भारी. २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात आयटी कायद्यातलं आक्षेपार्ह पोस्टीसाठी शिक्षा करणारं कलम ६६अ गेलं, पण सरकारला मजकूर ब्लॉक करू देणारं ६९अ टिकलं. का टिकलं, तर म्हणे कारणं लेखी नोंदवायची असतात, म्हणजे त्यांना कोर्टात आव्हान देता येतं. आणि त्याच कलमाखालच्या २००९ च्या नियमांतला नियम १६ म्हणतो की सगळं गोपनीय ठेवा! कारण लिहायचं आणि कुलूपबंद करायचं. ज्याची पोस्ट गेली त्याने आव्हान कशाला द्यायचं, कुलपाला?

लहान मुलांचं शोषण, "अमक्याला जाळा" असलं काही उडवलंत तर पहिली टाळी माझी. बाकीच्या वेळी आदेश दाखवा, एवढंच म्हणणं आहे.

खाकीघर
लिहायला सोपंय हो. माझे वडील पोलीस खात्यात होते, दंगलीच्या रात्री आई दाराशी बसून असायची. तेव्हा अफवा पायी यायची, आता एका बोटावर येते. राईनपाडा विसरलात? १ जुलै २०१८, धुळे जिल्हा. भिक्षा मागत फिरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारली. कशामुळे? व्हॉट्सॲपवरच्या व्हिडिओमुळे. त्यांच्या घरच्यांना जाऊन सांगा तुमचं अभिव्यक्ती स्वातंत्र्य. जमाव शंभर मीटरवर असताना अधिकाऱ्याने आधी छान शुद्ध मराठीत आदेश टाइप करायचा का?

तिरकस_वाचक
राईनपाडा कोण विसरेल. पण ती अफवा काही त्या सकाळी जन्मली नव्हती, त्याआधीपासून त्या पट्ट्यात फिरत होती. तेवढ्या दिवसांत गावागावात जाऊन ती खोडणं हे काम कोणाचं होतं? आणि नेट बंद केलं की पोलिसांचा "ही अफवा आहे" हा मेसेजसुद्धा बंद होतो, हे सोयीस्करपणे राहून जातं. त्या घटनेनंतर फरक पडला तो व्हॉट्सॲप कंपनीने एका वेळी पाच चॅटमध्येच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली त्याने. त्यात कोणाचा आवाज दाबला गेला नाही.

खाकीघर
पाच-पाच करून पन्नास ग्रुपवर टाकणारे महाभाग माझ्याच घरात आहेत, त्यामुळे फार कौतुक नको.

निवृत्त_नाना
गंमत वाटते. आज गळा काढणाऱ्यांचे लाडके सत्तेत होते तेव्हाच ६६अ आणि ६९अ दोन्ही आली, २००८ च्या दुरुस्तीत. १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती करून भाषणावरचे निर्बंध वाढवले नेहरूंनी. आणि आणीबाणीत तर वर्तमानपत्राचा मजकूर आधी सरकारी बाबूला दाखवायचा. इंडियन एक्सप्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. आम्ही तेव्हा नोकरीत होतो, कँटीनमध्येसुद्धा आवाज खाली करून बोलायचो. तुम्हाला काय माहीत सेन्सॉरशिप.

अनामिका_ज
नाना, अहो मग तुम्ही तर आमच्या बाजूने पाहिजे होतात! लेखिका दुर्गाबाई भागवत १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष असून त्याविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या, तेव्हा त्या "आधीच्या सरकारने काय केलं होतं" असा हिशोब मांडत बसल्या नव्हत्या. ६९अ काँग्रेसने आणलं, मान्य, शंभर वेळा मान्य, आता पुढे?

माझ्या मैत्रिणीची गोष्ट सांगते. तिच्या व्हिडिओवर एक दिवस कंपनीचा मेल, कायदेशीर मागणीवरून हा मजकूर भारतात दिसणार नाही. कोणाची मागणी, कोणतं वाक्य खटकलं, काही नाही. तिने विचारलं तर परत तोच मेल. तेव्हापासून ती फक्त बागकामाचे व्हिडिओ करते. छान करते, पण बाई पाणीटंचाईवर बोलायची हो.

निवृत्त_नाना
आता त्या व्हिडिओत काय होतं ते आम्हाला कुठे माहीत. काहीतरी असेलच.

अनामिका_ज
"काहीतरी असेलच"!! धन्य आहे. हेच तर म्हणतोय सगळे, काय होतं ते सांगा ना!

विंगेतला_पोरगा
सगळे नेट नेट करताय म्हणून राहवत नाही. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आजही प्रयोगाआधी परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे नाटकाच्या सरकारी सेन्सॉरकडून, पास करून घ्यावी लागते, याबद्दल कोणी एक ओळ लिहिलीये का कधी? युट्यूबवर कोणीही काहीही बरळतो त्याला आधी विचारावं लागत नाही, आणि आम्ही चाळीस मिनिटांची एकांकिका करायची तर आधी सर्टिफिकेट. अमोल पालेकर २०१६ मध्ये याविरुद्ध हायकोर्टात गेले. सत्तरच्या दशकात तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' नाटकासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंगांनी कोर्टात जाऊन प्रयोग सोडवून आणले. इतक्या वर्षांनी आम्ही तिथेच. सगळ्यात वाईट माहितीये काय, आता कोणी काही कापायची वेळच येत नाही, आमचा दिग्दर्शक पाठवायच्या आधीच दोन पानं स्वतः उडवतो.

खाकीघर
मग झालं की, तुमच्याकडे सगळं लेखी आहे. धागाकर्त्याला हेच हवंय ना, कागद दाखवा. नाटकवाल्यांना कागद मिळतो तरी रडगाणं चालूच. म्हणजे कागदाने काही होत नाही, सिद्ध झालं.

विंगेतला_पोरगा
कागद होता म्हणून तर सारंग कोर्टात जाऊ शकले साहेब! कशाला आव्हान दिलं असतं त्यांनी, हवेला?

पण तुमचं अर्धं खरंय, आणि ते मला फार कडू लागतं. आमच्या एका प्रयोगाला सर्टिफिकेट होतं. दहा-बारा जण आले, भावना दुखावल्या म्हणाले. सर्टिफिकेट दाखवलं तर "ते तुमच्याकडेच ठेवा." आयोजकांनी पडदा पाडला. म्हणजे परवानगी घेण्याची सक्ती आमच्यावर, आणि परवानगी असल्याचा उपयोग शून्य. त्या रात्री बंदोबस्त मागितला तेव्हा कोणाला सार्वजनिक सुव्यवस्था आठवली नाही.

निवृत्त_नाना
हल्ली एकांकिकांत शिव्याच फार असतात. पूर्वी असं नव्हतं. सेन्सॉर उठवलं तर घरच्यांना घेऊन बसता येणार नाही.

विंगेतला_पोरगा
नाना, तुम्ही शेवटची एकांकिका कधी बघितलीत?

निवृत्त_नाना
बघितली नाही, बघावीशी वाटत नाही म्हणूनच.

अनामिका_ज
हे भारीये, न बघता बंदी. नाना थेट मंडळावरच नेमणूक करून घ्या.

तिरकस_वाचक
नाटकाचा वेगळा धागा काढा रे, हा नेटचा होता. तरी एक मुद्दा घेतो. दहा-बारा जण ओरडले की कायदा त्यांच्या बाजूने झुकतो, आणि हजारभर लोक पोस्ट का उडवली विचारतात तेव्हा "गोपनीय". ट्विटर एवढी मोठी कंपनी, ती ब्लॉकिंगच्या आदेशांविरुद्ध कर्नाटक हायकोर्टात गेली तर २०२३ मध्ये याचिका फेटाळून वर पन्नास लाखांचा दंड. बागकामवाल्या बाईने कुठे जायचं?

खाकीघर
कंपनीने आदेश वर्षभर पाळलेच नाहीत आणि मग कोर्टात आली, म्हणून दंड. अर्धी गोष्ट सांगू नका.

बरं, चला, तुमच्या समाधानासाठी. दंगल चालू असताना आदेश मागू नका, शांत झाल्यावर छापा म्हणा, त्याला माझी ना नाही. पण परीक्षेत कॉपी होते म्हणून अख्ख्या जिल्ह्याचं नेट बंद करतात, राजस्थानात रीट या शिक्षक पात्रता परीक्षेला केलं होतं, ते मात्र मलाही मूर्खपणाचं वाटतं. माझ्या पुतणीचा दुसऱ्याच कसल्यातरी फॉर्मचा शेवटचा दिवस अशाच बंदीत गेला. हे तुमच्या बाजूचं मत समजू नका.

तिरकस_वाचक
छे छे, कसं समजेन. शांत झाल्यावर म्हणजे किती दिवसांत, तेवढं सांगा.

खाकीघर
आता तारखाही मीच देऊ का? वकील आहात का हो तुम्ही?

विंगेतला_पोरगा
नाटकाचा वेगळा धागा काढलाय. नाना, यायचं. आणि यायच्या आधी एक प्रयोग बघून यायचा.