दहा वाट्या तुपाचं वजन किती धरायचं? (शंकरपाळ्या बिघडल्या)

तूपसाखर:
यंदा पहिल्यांदाच फराळाच्या ऑर्डरी घेतल्यात. सासूबाईंचं शंकरपाळ्यांचं प्रमाण ठरलेलं: एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर आणि मावेल तितका मैदा. घरापुरतं करताना कधी चुकलं नाही. काल दहापट करायचं होतं. वाट्या मोजताना गोंधळ नको म्हणून नवा वजनकाटा काढला. माझी वाटी १५० मिलीची. काट्यावर मिलीचं बटण आहे, ते दाबून दूध १५०० आणि तूप १५०० घेतलं. साखर वाटीनंच, मैदा मोजून चार किलो. पहिला घाणा तेलात सोडला आणि शंकरपाळ्या विरघळायलाच लागल्या. मळतानाच पीठ तुपकट लागत होतं, पण काट्यावर विश्वास ठेवला. पुढच्या आठवड्यात बारा किलो द्यायच्यात, पोटात गोळा आलाय. वाटीचं वजन नेमकं कसं काढायचं?

रानजाई:
ताई, काट्याला तूप कळत नाही. तो फक्त वजन करतो आणि मिलीच्या बटणावर पाण्याच्या हिशेबानं आकडा दाखवतो. पाणी १ मिली म्हणजे १ ग्रॅम, पण पातळ तूप ०.९१ च्या आसपास. म्हणजे तुमच्या दहा वाट्या तूप साधारण १३६५ ग्रॅम व्हायला हवं होतं. गेलं १५००, जवळजवळ एक अख्खी वाटी जास्त! दूध उलट पाण्याहून जड, १.०३, म्हणून ते ४५ ग्रॅम कमी पडलं. दोन्ही चुका एकाच बाजूला गेल्या.

तेलही तुपासारखंच. एक लिटरच्या पिशवीवर बघा, ९१० ग्रॅम छापलेलं असतं. ऑर्डरींसाठी डबा घेताना तर नक्की बघा: १५ लिटरच्या डब्यात साधारण १३.६५ किलो तेल येतं, १५ किलोचा डबा वेगळा. भावात तिथेच फरक पडतो.

कालचं पीठ टाकू नका. थोडाथोडा मैदा मळत जा आणि दर वेळी एकच शंकरपाळी तळून बघा. चार किलोवर अडून बसू नका, मैदा मावेल तितकाच.

केळीचं_पान:
आकडे पाठ करण्यापेक्षा स्वतःची वाटी एकदाच मोजा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा, काठोकाठ तूप ओता, ग्रॅम लिहून ठेवा. मग दूध, तेल. तूप मात्र वितळवून मोजा. थिजलेलं रवाळ तूप वाटीत दाबून भरलं की मध्ये पोकळ्या राहतात, दर वेळी वेगळं भरतं. वजन एकदा कळलं की पुढे थिजलेलं घेतलं तरी चालतं.

काकवी आणि मध वाटीला चिकटतात, म्हणून मी बरणीच काट्यावर ठेवून शून्य करते आणि चमच्यानं काढत जाते. जितकं काढलं तितकं उणे दिसतं. तुमच्या १५० मिलीच्या वाटीत मध सुमारे २१० ग्रॅम भरेल, म्हणजे तुपाच्या दीडपट!

तूपसाखर:
दोघींचे मनापासून आभार. माझ्या वाटीत तूप १३७ भरलं, दूध १५५. ओट्यावरच्या फडताळाच्या दाराला आतून कागद लावलाय. कालच्या पिठात पाव किलो मैदा गेला तेव्हा पहिली शंकरपाळी तेलात टिकली, खुसखुशीतही झाली. आता उरलेलं लाटायला बसते.