घाट वादळ अडवतो का?

'मधे सह्याद्री आहे, त्यामुळे चक्रीवादळाचं बेळगावकरांना काय' असं एकाने लिहिलंय, ते मला अर्धंच पटलं. वादळ मरतं ते घाटाला धडकून नव्हे, उपासमारीने. समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर तापलेलं हवं. त्याची वाफ वर जाऊन तिचं पुन्हा पाणी होताना जी उष्णता सुटते, त्यावर त्याचा सगळा संसार. जमिनीवर आलं की वाफ तुटते. पण केंद्र समुद्रातच राहिलं तरी ढगांचे पट्टे शेकडो किलोमीटर पसरतात, ते काय गोवा-बेळगाव वाटेवरच्या चोर्ला घाटात चेकपोस्टवर थांबणार होय!

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ गोव्यासमोरून उत्तरेला सरकलं, जमिनीवर चढलं ते थेट गुजरातेत, १७ तारखेच्या रात्री. तेव्हा आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरजवळ गावी होतो. गोठ्यावरची ताडपत्री आधी पूर्वेच्या बाजूने उचलली जात होती, म्हणून वडिलांनी तिकडे दगड ठेवले. काही तासांनी दक्षिणेची बाजू सुटली, आणि शेवटी नैऋत्येची. दगड हलवून हलवून हात भरून आले. कारण नंतर कळलं: आपल्या गोलार्धात वादळातला वारा घड्याळाच्या उलट फिरतो. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की केंद्र साधारण डाव्या हाताला. म्हणजे पूर्वेचा वारा तेव्हा वादळ दक्षिणेला, दक्षिणेचा तेव्हा पश्चिमेला, नैऋत्येचा म्हणजे ते पुढे निघून गेलेलं. मोबाइलला रेंज नव्हती, पण ताडपत्री सगळं सांगत होती. आंबे मात्र निम्मे खाली, सगळे लोणच्यात गेले.