बेळगावात बाजारपेठेजवळ लाइट-पाण्यासह भाड्याने घर घ्यावे का?

प्रश्न – खानापूरचा वाचक

नमस्कार. नोकरीनिमित्त पुढील महिन्यापासून मला कुटुंबासह खानापूरहून बेळगावला राहायला यायचे आहे. रामलिंगखिंड गल्लीच्या परिसरात दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर अशी जागा पाहिली असून मालक लाइट बिल व पाणीपट्टी धरून दरमहा 11,000 रुपये मागतात. टिळकवाडीत जवळपास तेवढीच जागा 8,500 रुपयांना मिळते, पण तेथे बिले मलाच भरावी लागतील. महिन्याकाठी एकदा ठरलेली रक्कम दिली की काळजी मिटते, म्हणून माझा ओढा पहिल्या घराकडे आहे. घरात आम्ही दोघे आणि आई असे तिघे असू. एसी नाही, गिझर मात्र लागेल. हा अडीच हजारांचा फरक रास्त आहे का?

उत्तर 1 – शहापूरकर

ते सर्वस्वी मीटरवर अवलंबून आहे. कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती योजनेखाली घरगुती वीज 200 युनिटांच्या आत मोफत मिळते आणि भाडेकरूही तिला पात्र आहेत. मात्र प्रत्येक मीटरला सरसकट 200 युनिटे मिळत नाहीत. 2022-23 मधील सरासरी वापर आणि त्यावर साधारणपणे 10 टक्के, अशी मर्यादा ठरवलेली आहे. तिच्यापुढील युनिटांचे पैसे पडतात, आणि 200 ओलांडले तर त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागते. म्हणजे त्या जागेला स्वतंत्र घरगुती मीटर असेल आणि वापर मर्यादेत राहिला, तर ज्या विजेचे मालकांना काहीच पडत नाही तिचे पैसे आपण दरमहा त्यांना देत राहाल, आणि हे मला मुळीच योग्य वाटत नाही.

पण जागा दुकानाच्या वर आहे, हे विसरू नका. मीटर व्यापारी वर्गातले असेल तर योजना लागू होत नाही. मालकांचे आणि आपले मिळून एकच मीटर असेल तर 200 युनिटे हां हां म्हणता ओलांडली जातात. अशा वेळी ठरलेली रक्कम देणेच कदाचित आपल्या फायद्याचे ठरेल. हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलावर आर. आर. क्रमांक (म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक), जोडणीचा वर्ग आणि वापरलेली युनिटे छापलेली असतात. मालकांकडे मागील बिले मागा आणि त्यांत पावसाळ्यातले एक अवश्य पाहा, कारण आपल्याकडच्या पावसात गिझर सर्वाधिक चालतो.

उत्तर 2 – अनगोळची गृहिणी

विजेपेक्षा पाण्याची चौकशी अधिक बारकाईने करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. राकसकोप आणि हिडकल या जलाशयांचे पाणी शहराला येते. काही प्रभागांत ते चोवीस तास असते, तर काही ठिकाणी काही दिवसांआड. पूर्वी आम्ही राहत होतो तेथे पाणीपट्टी भाड्यातच होती, परंतु गच्चीवरची 500 लिटरची एकच टाकी दोन बिऱ्हाडांत होती आणि नळ यायच्या आदल्या दिवशी सकाळी आठलाच तिचा तळ दिसत असे. एप्रिल-मेमध्ये टँकर मागवला की निम्मे पैसे आमच्याकडून घेतले जात, कारण टँकर 'पाणीपट्टीत येत नाही' असे मालकांचे म्हणणे होते. तेव्हा टाकी किती लिटरची आहे, पंप कोणाच्या मीटरवर चालतो, आवारात विहीर किंवा बोअर आहे का आणि टँकरचा खर्च कोणी करायचा, हे आधीच विचारा. आई बरोबर आहेत, त्यांना जिन्यावरून घागरी चढवाव्या लागू नयेत.

उत्तर 3 – टिळकवाडीकर

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. अकरा महिन्यांचा करार करताना भाडे आणि लाइट-पाणी यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. एकच आकडा लिहिला तर नूतनीकरणाच्या वेळी टक्केवारीने होणारी वाढ लाइट-पाण्याच्या रकमेवरही लागू होते. करार कन्नडमध्ये असेल आणि तो आपल्याला नीट वाचता येत नसेल, तर सही करण्यापूर्वी माहितगाराकडून ओळ न् ओळ समजून घ्या. खानापूरच्या मीटरला गृहज्योतीसाठी आपला आधार जोडलेला असल्यास ती जोडणी आधी रद्द करा, म्हणजे नव्या घरी नोंदणी करताना अडचण येणार नाही. स्वतंत्र मीटर आहे असे दिसले, तर 9,000 रुपये भाडे आणि बिल आपले, असा प्रस्ताव मालकांपुढे ठेवून पाहा. ते ऐकत नसतील तर टिळकवाडीची जागा हातची सोडू नका.