सातारा भागात सत्यशोधक समाज रुजला, प्रार्थना समाज का नाही?

प्रश्न – कोयनाकाठ (कराड)

महात्मा फुले यांचे मूळ गाव कटगुण, सावित्रीबाईंचे माहेर नायगाव आणि आगरकरांचे जन्मगाव टेंभू ही तिन्ही आजच्या सातारा जिल्ह्यातली. परंतु तिघांचेही कार्य मुख्यतः पुण्यात झाले. पुढे सत्यशोधक विचार या भागातील खेड्यापाड्यांत पोहोचला, प्रार्थना समाज मात्र शहरापुरताच राहिला. वास्तविक १८६७ साली मुंबईत निघालेला प्रार्थना समाज फुले यांच्या सत्यशोधक समाजाहून (१८७३) सहा वर्षांनी जुना, आणि त्याच्या उपासनेत तुकोबांचे अभंगही होते. मग वारकऱ्यांच्या या मुलुखात तो परका का ठरला? जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर – अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

माझ्या मते याचे उत्तर लग्नाच्या मांडवात आहे. प्रार्थना समाजाचा भर एकेश्वरी उपासनेवर आणि प्रवचनावर होता, आणि सभासद बहुतेक वकील, शिक्षक, सरकारी नोकर असे शिकलेले लोक होते. जातिभेद सोडावा असे त्यांना वाटे, पण तशी सक्ती नव्हती. फुले यांनी नेमका तो प्रसंग धरला, जिथे कुणब्याची पुरोहिताशी गाठ पडते आणि दक्षिणा मोजावी लागते. सत्यशोधक समाजाच्या स्थापनेला तीन महिने होतात न होतात तोच, २५ डिसेंबर १८७३ रोजी, ब्राह्मण पुरोहिताशिवाय पहिला सत्यशोधक विवाह लागला. निर्मिक (फुले यांचा ईश्वरासाठीचा शब्द) आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको, हे तत्त्व व्याख्यानात ऐकणे वेगळे आणि स्वतःच्या लेकीच्या लग्नात पाहणे वेगळे. शिवाय त्यात खर्चही वाचत होता, हे कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

विठ्ठल रामजी शिंदे यांना मात्र या हिशेबात बसवू नये. ते प्रार्थना समाजाचेच प्रचारक, आणि १९०६ साली त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी काढली.

उत्तर – वाळव्याचा वाचक

मांडवाचा मुद्दा मान्य, पण तेवढ्याने भागत नाही. १८९० साली फुले गेल्यावर चळवळ मंदावली होती. वेदोक्त प्रकरणानंतर (पुरोहितांनी शाहू महाराजांना वेदमंत्रांनी विधी करण्यास नकार दिला तो वाद) महाराजांचे पाठबळ मिळाले आणि १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला, तेव्हा ती पुन्हा पेटली. खेड्यात ती नेली जलशांनी. तमाशाचाच बाज, ढोलकी तीच, फक्त वगात राजाराणीऐवजी भट, सावकार आणि नाडलेला कुणबी. वाचता न येणाऱ्यापर्यंत पोहोचण्याचे याहून चांगले साधन त्या काळी नव्हते. १९२० च्या आसपास सातारा जिल्ह्यात कुळांनी ब्राह्मण जमीनदारांविरुद्ध उठाव केला, त्यामागेही हेच वातावरण होते. (वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते, दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ साली, आणि त्याला सांगली हे नाव त्यानंतर मिळाले.)

एक कटू गोष्टही नोंदवली पाहिजे. पुरोहितशाहीवरचा राग पुष्कळदा ब्राह्मण जातीवरच्या रागापाशी थांबला, आणि गावातील महार-मांगांच्या पाणवठ्याचा प्रश्न तसाच राहिला.

उत्तर – रयतेचा माजी विद्यार्थी (सातारा)

शेवटची तक्रार सरसकट खरी नाही. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती सत्यशोधक विचारांच्या मुशीतूनच. १९२४ साली सातारा येथे त्यांनी जे वसतिगृह काढले, त्यात अस्पृश्यांसह सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एकाच पंगतीला जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुलांच्या जेवणाची सोय होईना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. जलसा रात्रीपुरता असतो, वसतिगृहातला मुलगा मात्र वर्षानुवर्षे त्या पंगतीला बसतो. त्यामुळे जातीचा प्रश्न या भागात कोणी कृतीने हाताळला असेल, तर तो भाऊरावांनी, असे मी म्हणेन.

मांडवाबद्दल एक भर घालतो. १९४३ नंतर नाना पाटलांच्या प्रतिसरकारने (इंग्रज राजवटीविरुद्ध भूमिगतांनी चालवलेल्या समांतर सरकारने) याच गावांत कमी खर्चाचे ‘गांधी विवाह’ लावले. सत्यशोधक विवाहाची सवय आधीच्या पिढीला झाली नसती, तर भूमिगत कार्यकर्त्यांच्या शब्दावर लोकांनी मुलींची लग्ने इतक्या सहज लावली असती, असे मला वाटत नाही.