पावसात मेश झोपतो: कुळागरापलीकडे नेट कसं न्यायचं?

सत्तरीकर
गोव्यात वाळपईपासून आत आमचा वाडा, २२ घरं. फायबर देवळाच्या मंडपापर्यंत आलंय, पुढे नाही. मार्चमध्ये सात घरांवर राउटर बसवले, ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर टाकून मेश केला, म्हणजे प्रत्येक राउटर शेजारच्याकडून नेट घेऊन पुढे देतो, सगळे २.४ गिगाहर्ट्‌झच्या एकाच चॅनलवर. मंडपात ३८ एमबीपीएस, पुढच्या घरी १८, चौथ्या घरी ५. तरी लोक खूश. जूनमध्ये पाऊस लागला आणि कुळागरापलीकडची, म्हणजे पोफळीच्या बागेपलीकडची, तीन घरं गायब. पाऊस थांबला तरी पोफळी निथळेपर्यंत येत नाहीत. आई म्हणते, तुझं नेट आणि आमचे लाइट, दोघांचं गोत्र एकच. आता बाकीची घरंही मागतायत. राउटर वाढवू?

फोंड्याचा वायरमन
अजिबात नको. एकच रेडिओ ऐकणार आणि तोच पुढे सांगणार. दोन्ही एका वेळी जमत नाही, म्हणून दर उडीला, म्हणजे एका राउटरवरून दुसऱ्यावर जाताना, वेग निम्म्यावर येतो. तुमचेच आकडे बघा. त्याच चॅनलवर आणखी पंधरा म्हणजे जत्रेतला गोंगाट.
कणा, म्हणजे मुख्य लिंक, वेगळा काढा. कुळागर ओलांडायला ५ गिगाहर्ट्‌झच्या दिशादर्शक अँटेनांची जोडी, घरांसाठी मेश वेगळ्या रेडिओवर, दोन उड्यांच्या आत. ५ चा पट्टा २०१८ पासून लायसन्सविना आहे. पण ओल्या पानांत ५ तर २.४ पेक्षाही लवकर मरतो, तेव्हा लिंक पोफळींच्या वरूनच हवी. अंतर किती?

सत्तरीकर
४०० मीटर. पण पोफळींच्या वर म्हणजे साठ फुटी खांब! पंचायत राहू दे, आमचे बाबाच उभा करू देणार नाहीत.

फोंड्याचा वायरमन
मागे डोंगर असेल ना? मंडपातून वर आणि वरून पलीकडे. खांब दहा फुटी पुरेल. फक्त नजरेच्या रेषेभोवती, मधोमध, सव्वादोन मीटर तरी मोकळं ठेवा. वाऱ्यात डुलणारे शेंडे धरून मोजा.

डिचोलीची नीता
डोंगरावर लाइट कुठली? सोलर लावाल, पण जुलैत ऊन नसतं. दोन रेडिओंचे १६ वॅट धरले तर दिवसाला ३८४ वॅट-तास. तीन दिवस काढायला १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी जेमतेम पुरेल. आणि अर्थिंग आधी, रेडिओ मागाहून. आमच्याकडे वीज खांबावर पडलीच नाही, जवळपास पडली. तरी केबलमधून येऊन स्विचची चारही पोर्टं जाळून गेली.

सत्तरीकर
काल रात्री काकांना टॉर्च घेऊन काजूच्या भाटात वर पाठवलं. मंडपातून उजेड स्वच्छ दिसला. पलीकडच्या घरून मात्र फणस आड येतो. फांदी तोडायला घरवाले तयार आहेत, पण वरचे चार फणस उतरवल्यावर.